संगणकाच्या स्मृतीची वांटणी आणि तिचें भाषांतर

उरण तालुक्यांतील द्रोणागिरी, जासई या बाजूस राहणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांच्या घरीं एक शब्द अगदीं लहान मुलांच्याही कानांवरून गेलेला असतो. तो म्हणजे ‘साडेबारा टक्के’. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली आणि नव्या मुंबईसाठीं या भागांतील गांवांच्या जमिनी घेण्यांत आल्या. १९८४ च्या जानेवारींत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं शेतकऱ्यांनीं मोठें आंदोलन केलें. त्या वेळीं झालेल्या गोळीबारांत पांच जणांचे प्राण गेले. आणि पुढें घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ मालकांस परत देण्याची योजना अंमलांत आली. ज्या घरानें ही योजना पाहिली आहे, तेथील मुलास एक भेद कोणीं न शिकवितां कळतो. हातीं कागद येणें निराळें, आणि भूखंडावर पाय ठेवावयास मिळणें निराळें. ज्या विषयावर आम्हीं आज लिहावयाचें योजिलें आहे, तो विषय या भेदावांचून नीट उमजत नाहीं.

विषय निघाला तो आमच्या एका माजी विद्यार्थ्यामुळें. हा मुलगा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षास असतांना एका मंडळीच्या बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या जुन्या वह्या संगणकांत उतरवून देण्याचें काम त्यानें अंगावर घेतलें. वाळवी लागलेल्या वह्यांतून आजोबांचें नांव शोधण्यासाठीं लांबलांबून लोक येत, त्यांची सोय व्हावी हा हेतु. प्रोग्राम त्यानें कॉलेजांत लिनक्सवर लिहिला. मंडळीच्या कचेरींतील संगणक विंडोजचा होता. “सर, चारदोन अर्जांचीं नांवें बदललीं कीं झालें,” असें तो आम्हांस म्हणाला. आम्हांसही तें तेव्हां खरें वाटलें.

आतां हे अर्ज म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. संगणकाची स्मृति ही क्रमांक दिलेल्या कप्प्यांची एक लांबच लांब ओळ होय. एका कप्प्यांत एक बाइट मावतो. परंतु कोणत्याही प्रोग्रामास या खऱ्या ओळींत थेट शिरतां येत नाहीं. ऑपरेटिंग सिस्टिम प्रत्येक प्रोग्रामास पत्त्यांची एक स्वतंत्र, कल्पित ओळ दाखविते, आणि त्यांतील कोणता पत्ता खऱ्या स्मृतींत कोठें आहे याची नोंद आपल्या दप्तरीं ठेविते. तलाठ्याकडील सातबाऱ्यासारखें हें दप्तर आहे असें म्हटल्यास पालकांस तें लवकर ध्यानांत येईल. नोंद एकेका कप्प्याची न होतां कप्प्यांच्या गठ्ठ्याची होते. या गठ्ठ्यास पान म्हणतात. नेहमींच्या संगणकांत एक पान ४,०९६ बाइटांचें, म्हणजे चार किलोबाइटांचें असतें. प्रोग्रामास कांहीं हवें असल्यास त्यानें ऑपरेटिंग सिस्टिमकडे ठराविक नमुन्यांत मागणी करावयाची; या मागणीस सिस्टिम कॉल म्हणतात, आणि त्यासच आम्हीं येथें अर्ज म्हटलें आहे.

यांतील एक अर्ज मोठा चतुर आहे. फाइल वाचावयाची साधी रीत म्हणजे तिची नक्कल स्मृतींत उतरवून घेणें. परंतु ‘ही फाइल माझ्या पत्त्यांवर मांडून द्यावी’ असा अर्ज केला, तर सिस्टिम प्रथम केवळ दप्तरांत नोंद करिते. प्रोग्रामानें एखाद्या पत्त्यास हात लावला कीं तेवढेंच पान तबकडीवरून आणिते. आणि त्यांत फेरफार झाला तर तो सवडीनें फाइलींत लिहिते. हजार पानांच्या वहींत एक नांव पाहावयाचें असतां साऱ्या वहीची नक्कल कोण करीत बसेल? युनिक्सच्या घराण्यांत, आणि म्हणून लिनक्समध्यें, या अर्जाचें नांव एम्मॅप. १९८३ सालच्या ४.२ बीएसडी या आवृत्तीच्या कागदपत्रांत त्याचें वर्णन आलें होतें. प्रत्यक्षांत तो १९८८ सालीं सन कंपनीच्या सनओएस ४.० मध्यें उतरला. विंडोज एनटी १९९३ सालीं आली. तिनें याच कामाचे दोन अर्ज केले. ‘क्रिएट-फाइल-मॅपिंग’ या पहिल्या अर्जानें मांडणीचा लेख तयार करावयाचा, आणि ‘मॅप-व्ह्यू-ऑफ-फाइल’ या दुसऱ्यानें त्यांतील हवा तो भाग पत्त्यांवर उघडून घ्यावयाचा.

एकाचे दोन झाले, एवढ्यानें कांहीं बिघडत नाहीं. खरी अडचण मोजणीच्या दगडांपाशीं येते. लिनक्समध्यें फाइलींतील कोणत्याही पानापासून मांडणी सुरू करतां येते. विंडोजमध्येंही पान चार किलोबाइटांचेंच. परंतु मांडणीचा आरंभ मात्र चौसष्ट किलोबाइटांच्या खुणेवरच करावा लागतो, म्हणजे दर सोळाव्या पानापाशीं. भूखंड लहान, पण हद्दीचा दगड सोळा भूखंडांमागें एकच, अशांतला हा प्रकार. याचें कारण ऐकण्यासारखें आहे. विंडोज एनटी ज्या यंत्रांवर चालावयाची होती, त्यांत अल्फा नांवाचा एक प्रोसेसर होता. त्यास बत्तीस बिटांचा पत्ता एका आज्ञेनें उचलतां येत नसे. सोळा-सोळा बिटांचे दोन तुकडे करून तो घ्यावा लागे. आणि खुणा चौसष्ट किलोबाइटांवर ठेविल्यानें प्रोग्राम एका जागेवरून दुसऱ्या जागीं हलवितांना पुष्कळ खटपट वांचे. अल्फा यंत्रें कधींच मागें पडलीं. त्यांच्या सोयीची खूण मात्र राहिली. आजोबांच्या उंचीस बेतून केलेलें बुटकें दार नातवंडेंही वांकून ओलांडतात, तसें हें झालें.

आमच्या विद्यार्थ्यास एकविसावें पान हवें असे. शून्यापासून मोजतां खूण सोळाव्यावर. म्हणून मांडणी सोळापासून मागावयाची आणि पांच पानें पुढें सरकून वाचावयाचें, हें त्यानें एका संध्याकाळीं बसविलें. दुसऱ्या अडचणीनें मात्र त्याच्या तीन रात्री घेतल्या. मांडून घेतलेल्या शंभर पानांपैकीं मधलीं दहा नकोशीं झालीं, तर लिनक्समध्यें तेवढींच दहा परत करतां येतात; अलीकडचीं व पलीकडचीं जागच्या जागीं राहतात. विंडोजमध्यें मांडणीच्या मधल्या पत्त्याकडे बोट दाखवून ‘ही मोडा’ म्हटलें, तर सबंध मांडणीच मोडते. त्याच्या प्रोग्रामानें दहा पानें परत केलीं, शंभरच्या शंभर गेलीं, आणि पुढल्या नांवास हात लावतांच तो कोसळला. अर्जाचें नांव बरोबर बदललें होतें. अर्थ बदलला होता. अशा ठिकाणीं भाषांतरकारानें आपली एक निराळी वही ठेवावी लागते: कोणतीं पानें खरोखर परत गेलीं, कोणतीं नुसतीं बाजूस ठेवलीं आहेत. २०१८ मध्यें विंडोजनें राखून ठेवलेला पट्टा मध्येंच तोडून त्याच्या तुकड्यांवर वेगवेगळी मांडणी करण्याची सोय दिली. तेव्हांपासून हें काम पुष्कळ हलकें झालें आहे.

येथें साडेबारा टक्क्यांची गोष्ट पुन्हा येते. फाइल नको, नुसती मोकळी स्मृति हवी असेल, तर विंडोजमध्यें दोन पायऱ्या आहेत. पत्ते राखून ठेवणें ही एक, व त्यांवर ताबा देणें ही दुसरी. ताबा देतांना सिस्टिम आपली शिल्लक मोजते, आणि पुरणार नसेल तर तेव्हांच नकार देते. लिनक्स बहुधा सढळ हातानें होकार देते. प्रत्यक्ष पान मिळतें तें पहिला हात लागेल तेव्हां. सर्वच प्रोग्राम एकदम आपलें आपलें मागूं लागले आणि पानें संपलीं, तर लिनक्स एखाद्या प्रोग्रामाचा बळी देऊन जागा मोकळी करिते. लिनक्सचा अवाढव्य अर्ज भाषांतर करणारानें सरळ ताब्याचा म्हणून पुढें केला, तर विंडोज तो फेटाळण्याचा संभव. केवळ राखणीचा म्हणून केला, तर होकार मिळाला असें समजून प्रोग्राम पत्त्यास हात लावतो आणि मरतो. म्हणून आधीं राखावयाचें, आणि हात लागेल तसतसा ताबा मागत जावयाचें. दोहोंपैकीं प्रामाणिक रीत कोणती? आम्हांस स्वतःस, या भागांत राहून, तोंडावर नकार देणारी बरी वाटते. लिनक्सची बाजू घेणारे म्हणतात कीं मागितलेल्या जागेपैकीं बरीचशी कोणी वापरीतच नाहीं, ती अडवून कां ठेवावी. आणि त्यांतही तथ्य आहे.

मुलाचा प्रोग्राम अखेर चालूं लागला. मग पावसाळ्यांतल्या एका संध्याकाळीं, नोंदी चढवीत असतांना, कचेरींतील वीज गेली. ती परत आल्यावर पाहतों तों त्या संध्याकाळच्या शेवटच्या कांहीं नोंदी फाइलींत नव्हत्या. चूक एका शब्दाची होती. लिनक्समध्यें ‘एम्सिंक’ हा अर्ज, उत्तराची वाट पाहण्याच्या खुणेसह केला, तर फेरफार तबकडीवर पोंचल्यावांचून परत येत नाहीं. विंडोजमधील ‘फ्लश-व्ह्यू-ऑफ-फाइल’ हा अर्ज नांवानें त्याचा भाऊ दिसतो. परंतु तो पानें लिहावयास लावितो आणि तबकडीच्या अंगच्या तात्पुरत्या स्मृतींतून तीं खालीं उतरेपर्यंत थांबत नाहीं. त्यासाठीं मागोमाग ‘फ्लश-फाइल-बफर्स’ हा दुसरा अर्ज करावा लागतो. मुलानें पहिलाच केला होता.

पवित्र शास्त्राच्या भाषांतरकारांस ही अडचण ओळखीची आहे. पंडिता रमाबाईंनीं मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबल मराठींत आणिलें. त्या भाषांत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांस एकच शब्द आहे. मराठींत प्रत्येक ठिकाणीं ठरवावें लागतें, कीं बोलणारा ऐकणारास आपल्यांत धरतो कीं वगळतो. शब्दकोश तेथें उपयोगी पडत नाहीं. बोलणाराचा हेतु शोधावा लागतो.

मोठमोठ्या कंपन्यांसही हें शोधणें जड गेलें आहे. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालविण्यासाठीं वाइन नांवाची योजना १९९३ पासून चालू आहे, आणि तिचें काम अजून संपलेलें नाहीं. उलट दिशेनें, २०१६ सालीं मायक्रोसॉफ्टनें लिनक्सचे प्रोग्राम विंडोजवर जसेच्या तसे चालविण्याची एक सोय जाहीर केली. तींत लिनक्सचा प्रत्येक अर्ज विंडोजच्या अंगच्या रीतींत बसविला जाई. बहुतेक अर्ज बसले, कांहीं केल्या बसेनात. २०१९ सालीं दुसरी आवृत्ति जाहीर झाली, आणि तींत अर्जाअर्जाचें भाषांतर सोडून देऊन लिनक्सचा सबंध गाभाच एका हलक्या कल्पित यंत्रांत घालून विंडोजच्या शेजारीं बसविला. वनस्पति ओळखूं येईना म्हणून हनुमंतानें सगळा डोंगर उचलून आणिला, ही रामायणांतील कथा आमच्या मुलांस ठाऊक आहे. ज्या डोंगराच्या पायथ्याशीं त्यांतील कित्येक राहतात, त्याचेंही नांव द्रोणागिरीच. आतां स्मृतीच्या अर्जास लिनक्स स्वतःच उत्तर देते. पण डोंगरास वजन असतें. त्या गाभ्यासाठीं स्मृति निराळी द्यावी लागते, आणि विंडोजच्या बाजूस ठेवलेल्या फाइली तेथून उघडतांना काम मंदावतें.

कचेरींतील संगणक जुना, त्यांत स्मृति तुटपुंजी. तेथें डोंगर आणण्याची सोय नव्हती. मुलानें दुसरा अर्ज जोडला, आपल्या हातानें दोनदा वीज बंद करून पाहिली, आणि मग वह्या पुन्हा उघडल्या. गेलेल्या नोंदी मूळ कागदावरून पुन्हा चढविल्या; त्या सतरा निघाल्या.