विमानाची ठिणगी आणि मोटारीचा प्लग



भिवंडीच्या वसंत व्याख्यानमालेत विमानाच्या इंजिनाविषयी बोलावयास कामगार चळवळीतला माणूस कसा उभा राहिला, असे आपणांपैकी कित्येकांस वाटले असेल. विमान हे काही आपल्या गावाचे वाहन नव्हे. आपले वाहन ट्रक आणि टेंपो, आणि आपले यंत्र म्हणजे माग. परंतु यंत्र कोणतेही असो, ते एखाद्या लहानशा भागाच्या भरवशावर चालते; आणि तो भाग महाग घ्यावा की स्वस्त, हा प्रश्न मालकाला पडतो तसाच त्या यंत्राजवळ उभे राहणाऱ्यालाही पडतो. तोच प्रश्न आज एका प्लगच्या निमित्ताने मांडावयाचा आहे. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात व फिटर मंडळींच्या शेजारी बसून अधिक झाले. तेव्हा पुस्तकी शब्दांपेक्षा गॅरेजमधले शब्द जास्त येतील, ते गोड मानून घ्यावेत.

विमान घरी बांधता येते, ही गोष्ट आता आपल्याकडेही नवी राहिलेली नाही. कांदिवलीच्या चारकोप भागात राहणारे वैमानिक अमोल यादव यांनी आपल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईला भरलेल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले, नोव्हेंबर २०१७ मध्ये नागरी विमान खात्याने त्याची नोंदणी केली आणि उड्डाणाची परवानगी २०१९ साली मिळाली. अमेरिकेत व युरोपात असे हौशी बांधणारे हजारोंनी आहेत. त्यांच्यात एक प्रश्न नेहमी निघतो, आणि तो कोणाही संसारी माणसास समजेल असा आहे. विमानाच्या चार सिलिंडरांच्या इंजिनास आठ प्लग लागतात. खास विमानासाठी केलेल्या एका प्लगच्या किमतीत मोटारीचे अनेक प्लग येतात. मोटारीचा प्लग तर जुन्या आग्रा रोडवरील कोणत्याही दुकानात मिळतो. मग तोच बसविला तर काय बिघडले?

याचे उत्तर एका वाक्यात द्यावयाचे तर असे: प्लग चालतो, पण नुसता प्लग बदलून चालत नाही. आता हे वाक्य सोडवून पाहू.

पेट्रोलच्या इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण सिलिंडरात येते, दट्ट्या ते दाबतो, आणि नेमक्या क्षणी प्लगच्या दोन टोकांमधील फटीत ठिणगी पडून ते पेटते. विमानाचे इंजिन मिनिटाला २,७०० फेरे फिरत असेल, तर प्रत्येक प्लगने मिनिटाला १,३५० वेळा, म्हणजे सेकंदाला बावीस-तेवीस वेळा ठिणगी द्यावयाची असते. आपल्या मागावर बाण्याचा धागा तुटला की माग थांबतो; कामगार कांडी बदलतो आणि खटका ओढून माग पुन्हा सुरू करतो. ट्रक बंद पडला तर तो रस्त्याच्या कडेला लावता येतो. आकाशात मात्र कडेला उभे राहावयास जागा नसते. म्हणून प्रत्येक सिलिंडरास दोन प्लग आणि ठिणगी देणाऱ्या दोन स्वतंत्र यंत्रणा, ही रीत विमानविद्येत फार पूर्वीच रुजली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, त्या पुस मॉथ विमानाच्या जिप्सी इंजिनावरही दोन मॅग्नेटो होते.

मॅग्नेटो म्हणजे काय? इंजिनच एक लोहचुंबक फिरविते, त्यामुळे तारेच्या वेटोळ्यात वीज उत्पन्न होते आणि तिचा दाब हजारो व्होल्टांपर्यंत चढून ठिणगी पडते. याला बॅटरी लागत नाही. विमानातील सगळी वीज गेली तरी पंखा फिरतो आहे तोवर मॅग्नेटो ठिणगी देत राहतो. हा त्याचा मोठा गुण. दोषही आहेत. इंजिन सुरू करताना फेरे कमी असतात, तेव्हा त्याची ठिणगी अशक्त असते. आणि ठिणगीची वेळ एकदा बांधली की बांधली. पुष्कळशा लायकॉमिंग इंजिनांत ती दट्ट्या वरच्या टोकास पोहोचण्याआधी २५ अंशांवर ठरविलेली असते. विमान उंच गेले, हवा विरळ झाली, मिश्रण सावकाश जळू लागले, तरी मॅग्नेटोची वेळ तीच राहते.

इलेक्ट्रॉनिक यंत्रणा येथे उपयोगी पडते. ती इंजिनाचे फेरे आणि आत येणाऱ्या हवेचा दाब पाहून ठिणगी लवकर टाकावयाची की उशिरा हे क्षणोक्षणी ठरविते. तिची ठिणगी जोरकस असते, म्हणून प्लगची फट मोठी ठेवता येते. मॅग्नेटोवर विमानाच्या प्लगची फट साधारण अर्धा मिलिमीटर किंवा त्याहूनही थोडी कमी असते. इलेक्ट्रॉनिक यंत्रणेवर ती पाऊण मिलिमीटर आणि त्याहून अधिक ठेवतात. मोठ्या फटीतील ठिणगी अधिक मिश्रणाला एकदम भिडते, त्यामुळे पेट्रोल कमी असलेले मिश्रणही नीट पेटते आणि इंधन वाचते. मोटारीचा प्लग मुळात अशाच यंत्रणेसाठी घडविलेला असतो. तेव्हा विमानावर इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बसविली की तिच्या मागोमाग मोटारीचा प्लग येतो, हे स्वाभाविकच आहे.

परंतु येथून पुढे अडचणी सुरू होतात. पहिली अडचण आट्यांची. विमानाच्या सिलिंडरातील प्लगचे भोक १८ मिलिमीटरचे, तर मोटारीचा प्लग बहुधा १४ मिलिमीटरचा. मध्ये आटे पाडलेली एक धातूची बुशी घालावी लागते. बुशी म्हटली म्हणजे किरकोळ वाटते, पण प्लगच्या टोकाची बहुतेक उष्णता आट्यांवाटे आणि खालच्या वायसरवाटेच सिलिंडरच्या डोक्यात उतरते. बुशी घातली की त्या वाटेत आणखी एक सांधा आला. ती नीट बसली नाही, वायसर जुना वापरला, किंवा पाना कमी-जास्त आवळला, तर उष्णता अडते. विमानाचा प्लग सुमारे ३५ फूट-पौंड जोराने आवळतात. मोटारीच्या लहान प्लगला तेवढा जोर दिला तर त्याचे आटे ताणले जातील. म्हणून हाताच्या अंदाजावर न विसंबता, बुशी व प्लग करणाऱ्याने दिलेल्या आकड्याप्रमाणे मापाच्या पान्यानेच आवळावयाचे असते.

दुसरी अडचण उष्णतेची. प्लग गरम आणि थंड अशा दोन प्रकारचे असतात, हे मोटारीच्या मिस्त्रींना ठाऊक आहे. प्लगचे टोक साधारण ५०० अंश सेंटिग्रेडच्या खाली राहिले तर त्यावर काजळी साठते; सुमारे ९०० अंशांच्या वर गेले तर ते निखाऱ्यासारखे होऊन ठिणगी पडण्यापूर्वीच मिश्रण पेटविते. असे झाले तर दट्ट्याला भोक पडावयास फार वेळ लागत नाही. मोटार रस्त्यावर बहुतेक वेळ आपल्या शक्तीच्या थोड्या अंशावर चालते. विमानाचे इंजिन तासन् तास ६५ ते ७५ टक्के शक्तीवर चालते, आणि तेही बहुधा हवेवर थंड होणारे. म्हणून मोटारीच्या दुकानातील हाताला लागेल तो प्लग नव्हे, तर योग्य तेवढा थंड प्लग निवडावा लागतो.

तिसरी अडचण शिशाची. विमानाच्या पेट्रोलमध्ये अजून शिशाचे संयुग असते. असे पेट्रोल आपण पूर्वी परदेशातूनच आणीत होतो. इंडियन ऑइलने बडोद्याच्या कारखान्यात तयार केलेले पेट्रोल २०२२ साली बाजारात आणले. या शिशाचे बारीक मणी प्लगमध्ये साठतात आणि ठिणगी फटीत पडण्याऐवजी त्या मण्यांतून निसटते. विमानाच्या जाड टोकांच्या प्लगला हा त्रास नेहमीचा. ते काढून, साफ करून, तपासून पुन्हा बसवितात. मोटारीच्या प्लगच्या बाबतीत बहुतेक बांधणारे साफसफाईच्या भानगडीत पडत नाहीत, ठरल्या तासांनंतर सरळ नवे बसवितात. स्वस्ताईचा खरा फायदा हाच: महाग वस्तू माणूस ताणून वापरतो, स्वस्त वस्तू वेळेवर टाकून देण्याचे धैर्य त्याला होते. पण ते धैर्य न दाखविता स्वस्त वस्तूच ताणून वापरली, तर फायद्याचे रूपांतर धोक्यात होते.

चौथी अडचण कानाला ऐकू येणारी आहे. प्रत्येक ठिणगी हे एक लहानसे रेडिओ केंद्रच असते. विमानाचा प्लग व त्याची तार संपूर्ण धातूच्या आवरणात बंद असतात, म्हणून वैमानिकाच्या कानात खरखर येत नाही. मोटारीच्या प्लगचा पांढरा भाग उघडा असतो, वर फक्त रबराची टोपी. यास्तव आत विद्युत्-रोधक असलेलाच प्लग घ्यावा लागतो. नाही तर रेडिओवरील सूचना ऐकू येणे कठीण होते आणि खुद्द इलेक्ट्रॉनिक यंत्रणाही गोंधळू शकते. उंचीवर हवा विरळ असल्यामुळे वीज प्लगच्या बाहेरच्या बाजूने उडी मारावयास अधिक सोकावते. म्हणून टोपी चिरलेली किंवा ओलसर असता कामा नये.

पाचवी आणि सर्वांत मोठी अडचण बॅटरीची. पुष्कळशा इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बॅटरीच्या विजेवर चालतात. मॅग्नेटो काढून दोन्ही बाजूंस अशा यंत्रणा बसविल्या आणि दोहोंना एकाच बॅटरीवर, एकाच तारेवर जोडले, तर दिसावयास दोन यंत्रणा, पण खरे पाहता एकच. एक तार तुटली की आठही प्लग एकदम गप्प. म्हणून जाणते बांधणारे एका बाजूस मॅग्नेटो तसाच ठेवतात आणि दुसऱ्या बाजूस इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बसवितात. किंवा दोन्हीकडे ती बसविली तर दुसरी स्वतंत्र बॅटरी देतात. आपली वीज आपणच तयार करणाऱ्या यंत्रणाही निघाल्या आहेत.

हे सगळे नीट जुळविले तर मोटारीच्या जातीचा प्लग विमानात उत्तम काम देतो, याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. ऑस्ट्रियातील रोटॅक्स ९१२ हे इंजिन पहिल्यापासून अशाच लहान प्लगसाठी आखलेले आहे. त्याला दोन स्वतंत्र इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आहेत, आणि त्यांची वीज इंजिनावरील जनित्राच्या वेगळ्या वेटोळ्यांतून येते, बॅटरीतून नव्हे. हवाई दल, नौदल आणि एन. सी. सी.चे विद्यार्थी यांच्यासाठी भारताने २०१५ साली पिपिस्ट्रेल कंपनीकडे १९४ हलक्या विमानांची मागणी नोंदविली, त्यांत याच घराण्याचे इंजिन आहे. बेंगळुरूच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेतील ‘हंस’ विमानातही रोटॅक्सच बसविले आहे. म्हणजे आपली मुले ज्या विमानांत उडावयास शिकतात, त्यांतील प्लग मोटारसायकलच्या प्लगचा सख्खा भाऊ आहे. तेथे तो सुरक्षित आहे, कारण इंजिन, यंत्रणा आणि प्लग यांचा विचार एकत्र झाला. जुन्या इंजिनावर मोटारीचा प्लग बसविणाऱ्या गृहस्थाने तोच विचार स्वतः पुन्हा करावयाचा असतो.

उड्डाणापूर्वी वैमानिक एक परीक्षा घेतो. जमिनीवर इंजिन वाढवून तो एका वेळी एक यंत्रणा बंद करतो. एका प्लगवर मिश्रण थोडे सावकाश जळते, म्हणून फेरे जरा उतरतात. लायकॉमिंगच्या दोन मॅग्नेटोंच्या इंजिनांत ही उतरण १७५ फेऱ्यांहून अधिक नसावी आणि दोन बाजूंत ५० हून अधिक फरक नसावा, असा दंडक आहे. उतरण जास्त झाली तर विमान परत फिरते. एका बाजूस इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असली म्हणजे दोन्ही बाजू सारख्या उतरत नाहीत. म्हणून बांधणाऱ्याने सर्व ठीक असताना आपल्या इंजिनाचे आकडे वहीत लिहून ठेवावेत, म्हणजे पुढे कमी-जास्त झालेले कळते.

या वहीविषयी मला कामगारांचा माणूस म्हणून दोन शब्द बोलावयाचे आहेत. विमानाच्या व्यवसायात प्लग बसविणारा माणूस आपले नाव, तारीख आणि केलेले काम वहीत लिहून सही करतो. ही सही म्हणजे केवळ जबाबदारी नव्हे, तो अधिकारही आहे. काम समाधानकारक नसेल तर सही न करण्याचा, आणि त्यामुळे विमान जमिनीवर ठेवण्याचा अधिकार त्याला आहे. हा अधिकार कोणी दयाबुद्धीने दिलेला नाही. अपघातांत माणसे गेली, तेव्हा तो नियमांत आला. आपल्या कारखान्यांत उघडी तार पाहून, सैल पट्टा पाहून, “मी हे यंत्र चालविणार नाही” असे म्हणणाऱ्यास कामचुकार म्हणतात. त्याच माणसाच्या हाती सहीची वही असती, तर त्याला दक्ष म्हटले असते.

तेव्हा स्वस्त भाग वापरू नये असे मी म्हणत नाही. गरीब देशाला आणि हौशी माणसाला स्वस्त भागांवाचून गती नाही, आणि मोटारीचा प्लग विमानात चालतो हे आपण पाहिलेच. माझे म्हणणे एवढेच की भाग स्वस्त झाला म्हणजे काम स्वस्त होत नाही. प्लगवर जो पैसा वाचला, त्यातला काही मापाच्या पान्यावर, दुसऱ्या बॅटरीवर आणि वेळेवर नवे प्लग घेण्यावर खर्च झाला पाहिजे. आणि जो माणूस ते प्लग बसवितो, त्याला “हे ठीक नाही” असे म्हणण्याची मुभा असली पाहिजे.