शोथ, फेसाळ मूत्र आणि पारा

दिघीच्या किनाऱ्यावर चिकित्सा करताना पायांवर शोथ असलेले रुग्ण आम्हांस नित्य भेटतात. सुकी मासळी हा इथला रोजचा आहार, आणि मासळी विकणाऱ्या स्त्रियांना तासन्‌तास उभे राहावे लागते. त्यामुळे शोथाचे कारण आधीच ठाऊक असल्यासारखे वाटते. अशाच एका स्त्रीस आम्ही महिनाभर पुनर्नवा दिली. सकाळी पापण्या सुजतात, लघवीला फेस येतो, हे तिने सांगितले होते. आम्ही ते केसपेपरवर लिहिलेही, परंतु मूत्र तपासले नाही. पुढे तपासले तेव्हा पट्टीवर अल्ब्युमिन तीन अधिक निघाले. नावपत्र नसलेले गोरेपणाचे मलम ती वर्षभर चेहऱ्यास लावीत होती. ही चूक आमची.

मुंबईस तिची बायोप्सी झाली व ‘मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी’ असे निदान आले. या व्याधीत नेमके काय बिघडते?

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख गाळण्या असतात. गाळणी म्हणजे सूक्ष्म केशिकांचा गुच्छ. तिच्या भिंतीस तीन थर: आत रक्तास लागून सच्छिद्र अस्तर, मध्ये आधारपटल, आणि बाहेरून बोटांत बोटे गुंतवावीत तशा पसरलेल्या पोडोसाइट पेशी. पाणी व क्षार यांतून जातात, अल्ब्युमिन रक्तातच राहते. प्रतिपिंडे या भिंतीत कोठे साचतात, यावर व्याधीचे रूप ठरते. अस्तराच्या बाजूस साचली तर रक्तातील श्वेतपेशी तेथे सहज पोहोचतात, दाह होतो, मूत्रातून रक्त जाते. पटलाच्या बाहेरच्या बाजूस, पोडोसाइटखाली साचली तर श्वेतपेशींना वाट नसते. तेथे रक्तातील कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिने जागृत होऊन पोडोसाइटवर आघात करतात. तिची बोटे सपाट होतात आणि अल्ब्युमिन गळू लागते. दाह नाही, वेदना नाही, बहुधा ज्वरही नाही. म्हणूनच हा व्याधी आपल्या हातून निसटतो.

ही प्रतिपिंडे कशाविरुद्ध असतात, हे २००९ पर्यंत बहुतेक प्रौढ रुग्णांत अज्ञात होते. त्या वर्षी पोडोसाइटवरील ‘पीएलए२आर’ हे प्रथिन सापडले. बहुसंख्य रुग्णांत तेच लक्ष्य असते. २०२० साली ‘नेल-१’ हे आणखी एक लक्ष्य पुढे आले, आणि आपला संबंध येतो तो येथे. केरळात कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात पाहिलेल्या मेम्ब्रेनसच्या २२ रुग्णांपैकी १५ जणांत नेल-१ आढळले, आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाची मलमे वापरीत होते. अकोल्याच्या एका विद्यार्थिनीस, तिच्या आईस व बहिणीस एकाच मलमामुळे मूत्रपिंडविकार झाल्याचे २०२३ च्या आरंभी वृत्तपत्रांत आले होते. त्या मलमातील पारा शोधला मुंबईच्या केईएम रुग्णालयातील आयुर्वेद प्रयोगशाळेने, हे आपणांस भूषणावह आहे.

परंतु दोष केवळ मलमांवर ढकलून चालणार नाही. २०२२ साली ‘किडनी इंटरनॅशनल’मध्ये भारतीय रुग्णांविषयी जो लेख आला, त्यात पारंपरिक औषधे घेणाऱ्यांतही हाच नेल-१ प्रकार नोंदला आहे, व औषध थांबविल्यावर बऱ्याच जणांचा व्याधी ओसरला. रसशास्त्राची निंदा म्हणून हे वाचू नये. पारद, हिंगुळ व रसकर्पूर औषधद्रव्य कायद्याच्या ‘ई-१’ परिशिष्टात विषद्रव्ये म्हणून आहेतच; अशा कल्पांवर ‘वैद्यकीय देखरेखीखाली’ ही सूचना छापावी लागते. ती देखरेख म्हणजे काय, हा प्रश्न आमच्या मते मूत्रपरीक्षेने सुटतो. रसकल्प सुरू करण्यापूर्वी एकदा व पुढे दरमहा मूत्र पाहावे. अल्ब्युमिन दिसताच कल्प थांबवावा. पट्टी नसेल तर परीक्षानळीत मूत्राचा वरचा भाग उकळून ॲसेटिक आम्लाचे काही थेंब टाकावेत. गढूळपणा टिकला तर प्रथिन आहे असे समजावे. एकच पाय अचानक सुजला वा छातीत कळ आली तर औषध देत बसू नये. अल्ब्युमिन गळणाऱ्यांत रक्ताच्या गुठळ्या होतात, रुग्ण तत्काळ रुग्णालयात न्यावा.

औषधालयाच्या मालकांनी नावपत्र व उत्पादन परवाना क्रमांक नसलेले मलम वा भस्म, ते कितीही ओळखीच्या माणसाने आणून दिलेले असो, फळीवर ठेवू नये.

सदर रुग्णेचे अल्ब्युमिन, मलम बंद केल्यावर आठव्या महिन्यात नाहीसे झाले. तिची धाकटी बहीण तेच मलम वापरीत होती. तिचे मूत्र आम्ही त्याच दिवशी तपासले; तिच्याही पट्टीवर एक अधिक होते.