चांदीची पट्टी कोणाला, कशाला?

पायाची जखम घेऊन येणारे मधुमेही रुग्ण हल्ली हमखास विचारतात, "डॉक्टर, ती चांदीची पट्टी लावली तर लवकर भरेल ना?" कोणा नातेवाइकाला शहरातल्या इस्पितळात तशी पट्टी लावलेली असते. पट्टी महाग, म्हणून या प्रश्नाचे उत्तर नीट द्यायला हवे.

जखमेवर चांदी ही गोष्ट नवी नाही. भाजल्यावर लावायचे पांढरे सिल्व्हर सल्फाडायझिन मलम १९६८ पासून वापरात आहे. पण ते दिवसातून एकदोनदा पुसून पुन्हा लावावे लागते, आणि दर वेळी रुग्ण कळवळतो. नव्या पट्ट्यांमध्ये चांदी धाग्यावर किंवा धाग्याच्या अंगातच बसवलेली असते. धागा पॉलिमरचा, म्हणजे प्लॅस्टिकच्या जातीचा. काही पट्ट्यांत समुद्री शेवाळापासून काढलेला. चांदीचे कण शंभर नॅनोमीटरहूनही लहान. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग! खडीसाखरेपेक्षा पिठीसाखर पटकन विरघळते, तसेच हे बारीक कण. जखमेच्या ओलाव्यात त्यांतून चांदी थोडी थोडी सुटत राहते आणि जंतूंचे आवरण व आतली प्रथिने निकामी करते. त्यामुळे पट्टी तीन दिवस, काही प्रकारांत सात दिवसही ठेवता येते. भाजलेल्या पोराच्या आईला विचारा, रोजचे ड्रेसिंग चुकणे म्हणजे काय ते!

मधुमेही पायाचे गणित मात्र वेगळे. तिथे बधिरपणा असतो, रक्तपुरवठा कमी असतो, साखर वाढलेली असते आणि दुखत नाही म्हणून माणूस त्याच पायावर बाजारहाट करतो. चांदी यातले काहीच सुधारत नाही. मधुमेही पायावरील आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०२३ च्या सूचनांत, केवळ जखम लवकर भरावी म्हणून चांदीच्या पट्ट्या वापरू नयेत, असेच सांगितले आहे. स्वच्छ जखमेवर तर नव्या त्वचेच्या पेशींनाही चांदी जाचक ठरू शकते. माझ्या मते तोच पैसा जखमेवरचा भार काढणाऱ्या पादत्राणावर किंवा प्लॅस्टरवर आणि साखर आटोक्यात आणण्यावर घालावा. पाय लाल, गरम झाला, वास येऊ लागला किंवा ताप आला, तर पट्टी न शोधता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

डॉक्टरांनी चांदीची पट्टी लावलीच असेल, तर कातडी करडी दिसली म्हणून घाबरू नये. तो डाग बहुधा तात्पुरता असतो. एमआरआय करायचा असल्यास मात्र तिथे आधी सांगावे.