अडसर, बारा बोर आणि स्वयंचलित बंदूक

घराच्या रक्षणासाठी बंदूक बाळगण्याचा विचार सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांना नवा नाही; माण, आटपाडी, जत या भागांत वस्त्या विरळ असून हाक मारली तरी शेजारी पोहोचेलच अशी खात्री नसते, तर जावळी-पाटणच्या डोंगराळ पट्ट्यात रानडुकरे आणि गवे पिकात शिरतात, त्यामुळे ठासणीची बंदूक किंवा बारा बोर ही तेथील काही घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली वस्तू आहे. चित्रपट आणि मोबाइलवरील खेळ यांनी मात्र बंदुकीची कल्पनाच पालटून टाकली असून, एकेक काडतूस भरायच्या बंदुकीपेक्षा धडाधड गोळ्या झाडणारी बंदूक घर अधिक चांगले राखील, असा समज रूढ होऊ लागला आहे. हा समज शस्त्रशास्त्राच्या, कायद्याच्या आणि घराच्या रचनेच्याही कसोटीवर टिकत नाही.

एकदा चाप ओढल्यावर, बोट काढेपर्यंत किंवा गोळ्यांची पेटी, म्हणजे मॅगझिन, रिकामी होईपर्यंत जी बंदूक झाडतच राहते ती स्वयंचलित, आणि जी पुढची गोळी आपोआप नळीत आणते पण प्रत्येक गोळीसाठी चाप नव्याने ओढावा लागतो ती अर्धस्वयंचलित. एके-४७ या रायफलीचा मारा मिनिटाला सुमारे ६०० गोळ्यांचा असतो आणि तिच्या नेहमीच्या मॅगझिनमध्ये ३० गोळ्या मावतात, म्हणजे चाप दाबून धरल्यास ती साधारण तीन सेकंदांत रिकामी होते; शिवाय प्रत्येक गोळीच्या धक्क्याने नळी वर उचलली जात असल्याने पहिल्या दोन-तीन गोळ्यांनंतर नेम राहत नाही. सैन्यात असा मारा प्रामुख्याने शत्रूला डोके वर काढू न देण्यासाठी वापरतात, म्हणजे एक तुकडी गोळीबार करीत असताना दुसरी पुढे सरकते. भारतीय सैन्यासाठी तयार झालेल्या इन्सास रायफलीत तर अखंड माऱ्याऐवजी एका वेळी तीनच गोळ्या सुटाव्यात अशी योजना होती. प्रशिक्षित जवानाच्या हातीही अखंड मारा सर्रास दिला जात नाही, ही गोष्ट अपशिंगे मिलिटरीसारख्या सैनिकी परंपरेच्या गावात कोणाला समजावून सांगावी लागणार नाही. तेथील निवृत्त जवानांनी कामगिरी संपताच रायफल कोतात, म्हणजे पलटणीच्या शस्त्रागारात, जमा करण्याची शिस्त वर्षानुवर्षे पाळलेली असते.

१९५९ च्या शस्त्र कायद्यात स्वयंचलित बंदुकीची व्याख्या प्रतिबंधित शस्त्र म्हणून केलेली असून केंद्र सरकारच्या खास परवानगीशिवाय ती कोणालाही बाळगता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर ती बेकायदा बाळगल्यास किमान ७ व कमाल १४ वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. जिल्हादंडाधिकारी जो परवाना देतात तो बारा बोर, .३१५ ची रायफल किंवा .३२ चे रिव्हॉल्व्हर अशा शस्त्रांपुरता असतो. (बोर म्हणजे नळीच्या पोकळीचे माप, एक पौंड शिशाचे बारा सारखे गोळे केले असता त्यांतील एक गोळा ज्या नळीत नेमका बसेल ती बारा बोर.) महाराष्ट्रात घराच्या रक्षणासाठी स्वयंचलित रायफल घेतल्याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण मुंबईतील आहे. १९९३ च्या दंगलींच्या काळात अभिनेते संजय दत्त यांनी एके-५६ स्वतःजवळ ठेवली आणि ती कुटुंबाच्या संरक्षणासाठी होती असे त्यांचे म्हणणे होते; न्यायालयाने त्यांना दहशतवादी कटाच्या आरोपातून मुक्त केले, पण शस्त्र कायद्याखाली दोषी धरले, आणि २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धी कायम ठेवून शिक्षा ५ वर्षांवर आणली. त्या रायफलीमुळे घराला संरक्षण मिळाले नाहीच, उलट घरातला माणूस येरवड्याच्या तुरुंगात गेला.

कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी व्यवहाराची अडचण उरतेच. बंद खोलीत रायफल झाडल्यास होणारा आवाज १५० डेसिबलच्या वर जाऊन झाडणाऱ्याच्याच कानांना कायमची इजा करू शकतो. रायफलीची गोळी पत्र्याच्या भिंतीने अडत नाही, साडेचार इंची विटांची भिंतही तिच्यापुढे भरवशाची नाही, आणि वस्तीवरच्या घरात त्या भिंतीपलीकडे बहुधा म्हातारी माणसे, मुले किंवा गोठ्यातली जनावरे असतात. लांब नळीचे शस्त्र हातघाईच्या अंतरावर किती अडचणीचे ठरते याचा पुरावा एका सातारकरानेच दिला आहे. जावळी तालुक्यातील केडंबे गावचे सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीजवळ दहशतवादी कसाबच्या एके-४७ ची नळी हातांनी पकडली आणि गोळ्या अंगावर घेऊनही सोडली नाही, म्हणूनच तो जिवंत सापडला. त्या असामान्य धैर्यासाठी त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. पण शस्त्राच्या अंगाने पाहता, हातभर अंतरावर आलेल्या निश्चयी माणसापुढे माऱ्याचा वेग निर्णायक ठरत नाही, हेही त्या घटनेत दिसते.

खासगी संरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये दिलेला आहे. सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी होणाऱ्या घरफोडीसारख्या प्रसंगी तो हल्लेखोराच्या मृत्यूपर्यंतही जाऊ शकतो, मात्र संरक्षणासाठी आवश्यक त्याहून अधिक इजा करता येत नाही ही मर्यादा त्याला आहे. एका गोळीनंतर चोर पळाला की नाही हे पाहून थांबणाऱ्याला ही मर्यादा पाळता येते. तीन सेकंदांत तीस गोळ्या झाडणाऱ्याला आवश्यक किती आणि अधिक किती हे ठरवायला उसंतच मिळत नाही.

जुन्या लोकांनी घराच्या रक्षणाचा विचार निराळ्या अंगाने केला होता, आणि तो अधिक शहाणपणाचा वाटतो. या भागातील जुन्या वाड्याच्या मोठ्या दरवाजात एक लहान दिंडी असते. तिच्यातून आत येणाऱ्याला वाकून, आधी डोके आणि मग पाय असेच यावे लागते, म्हणजे आतला माणूस काठी घेऊन उभा असला तरी पुरे. दरवाजामागे भिंतीतल्या खोबणीतून सरकणारा लाकडी अडसर असतो, जो चोराला मारत नाही, फक्त खोळंबवतो, आणि तेवढ्या वेळात घर जागे होते. गावपातळीवर जागल्या आणि रामोशी राखण करीत, चोराचा माग काढीत. १९४३ नंतर सातारच्या प्रतिसरकारने गावगुंड आणि दरोडेखोर यांचा बंदोबस्त केला तोही गावोगावच्या संघटित दलांच्या बळावर. आज पोलीस पाटील, ग्रामसुरक्षा दल आणि ११२ हा क्रमांक ही त्याच विचाराची पुढची रूपे होत. ती सर्वत्र सारखीच कार्यक्षम आहेत असे मुळीच नाही.

सैनिकी रायफल घरी ठेवण्याची परंपरा असलेल्या स्वित्झर्लंडनेही २००७ साली जवानांच्या घरी काडतुसे न ठेवण्याचा निर्णय घेतला. शिवाय शस्त्र घरी असले तरी ते वेळेवर उपयोगी पडेलच असे नाही; जवळचे उदाहरण घ्यायचे तर ४ जून २०२३ रोजी सांगली-मिरज रस्त्यावरील दागिन्यांच्या दुकानात दरोडेखोर भरदिवसा पोलीस असल्याची बतावणी करून शिरले. दारात आलेला माणूस चोर आहे हेच उशिरा कळणार असेल, तर कपाटातले कोणतेही शस्त्र वेळेवर हातात येत नाही.

परवान्याच्या साध्या बारा बोरची उपयुक्तता एकाकी वस्तीवर नाकारता येणार नाही, पण तिलाही सुरक्षित कपाट लागते, २०१९ पासून एका व्यक्तीला दोनच शस्त्रे ठेवता येतात, आणि निवडणूक जाहीर झाली की अनेक परवानाधारकांना ती पोलीस ठाण्यात जमा करून मतमोजणी होईपर्यंत बंदुकीविनाच घर राखावे लागते.