तिसरा पेला

म्हैसूर येथील केंद्रीय खाद्य तंत्रज्ञान संशोधन संस्थेचे, म्हणजे ‘सीएफटीआरआय’ या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या राष्ट्रीय प्रयोगशाळेचे, नाव निघाले की बालअन्न, मसाले, डाळी आणि फळांचे रस यांवरील संशोधन चटकन आठवते. पण चव ही केवळ मर्जीची बाब नसून तिचे मोजमाप शिस्तीने करता येते, हा त्या संस्थेत शिकवला जाणारा विचार सामान्य वाचकाला फारसा परिचित नाही. थंड हवामानात पिकलेल्या द्राक्षांच्या उंची शार्दोने वाइनचा आस्वाद कसा घ्यावा, या प्रश्नाची उत्तरे सहसा किमतीच्या, प्रतिष्ठेच्या किंवा जाणकारांच्या गूढ भाषेच्या आधाराने दिली जातात आणि त्यामुळे नवखा आस्वादक स्वतःच्याच जिभेवर अविश्वास दाखवू लागतो. संवेदी मूल्यमापन, म्हणजे माणसाच्या इंद्रियांनाच मोजमापाचे साधन मानून पदार्थ पारखण्याचे शास्त्र, या प्रश्नाला अधिक प्रामाणिक उत्तर देते, आणि ते उत्तर एका साध्या रचनेत सामावलेले आहे: तीन पेले, त्यांतील दोन सारखे आणि एक वेगळा.

संस्थेचा औपचारिक इतिहास थोडक्यात सांगता येतो. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या छत्राखाली ती १९५० साली सुरू झाली. म्हैसूरच्या राजघराण्यातील एका राजकन्येसाठी बांधलेला चेलुवांबा महाल तिला मिळाला, आणि डॉ. व्ही. सुब्रह्मण्यन हे तिचे पहिले संचालक झाले. म्हशीच्या दुधापासून बालअन्न तयार करण्याची तेथे विकसित झालेली पद्धत पुढे खेडा जिल्ह्याच्या सहकारी दूध संघाने उचलली आणि त्यातून ‘अमूल’चे बालअन्न देशभर पोहोचले. पारंपरिक अन्न आणि संवेदी विज्ञान यांना या संस्थेत स्वतंत्र विभाग आहे, आणि त्यामागचे कारण उघड आहे: पोषणमूल्य कितीही उत्तम असले तरी जो पदार्थ तोंडात धरवत नाही तो कोणाचेच पोषण करू शकत नाही, आणि तो तोंडात धरवतो की नाही हे सांगणारे उपकरण अजून माणसाच्या जिभेवाचून दुसरे सापडलेले नाही. भारतीय मानक संस्थेनेही १९७१ पासून अन्नाच्या संवेदी मूल्यमापनासाठी मार्गदर्शक मानके प्रसिद्ध केली.

या शास्त्राचे सर्वांत लक्षवेधी यंत्र म्हणजे चाचणीची खोली, जिला चाके नाहीत आणि काटेही नाहीत. मानकांनुसार अशा खोलीत प्रत्येक परीक्षकासाठी आडभिंतींनी वेगळा केलेला एक कप्पा असतो. भिंती फिक्या, एकसुरी रंगाच्या असतात, हवा खेळती आणि निर्गंध ठेवली जाते, अत्तर लावून येण्यास मनाई असते, आणि नमुने समोरच्या झडपेतून सरकवले जातात, जेणेकरून ते मांडणाऱ्याचा चेहरा परीक्षकाला दिसू नये. रंगावरून मत बनू नये म्हणून गरजेप्रमाणे लाल दिवा लावला जातो. पेल्यांवर ‘१’ किंवा ‘अ’ अशी खूण कधीच नसते, कारण पहिल्या क्रमांकाकडे मन आपोआप झुकते. त्याऐवजी कसलाही अर्थ नसलेले तीन आकडी क्रमांक दिलेले असतात. मनाचा जो जो कल निकालात शिरू शकतो, त्या प्रत्येकासाठी या खोलीत एकेक दार बंद केलेले आहे, आणि तिच्या रचनेतील सौंदर्य नेमके येथेच आहे.

अशा कप्प्यात घेतली जाणारी त्रिकोण चाचणी १९४० च्या दशकात कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग बिअर कारखान्यातील संशोधनातून पुढे आली. परीक्षकापुढे तीन पेले येतात, त्यांतील दोहोंमध्ये एकच पेय असते, आणि प्रश्न एवढाच असतो की वेगळा पेला कोणता. खात्री नसली तरी उत्तर द्यावेच लागते, आणि निव्वळ अंदाजाने दिलेले उत्तर बरोबर येण्याची शक्यता तीनात एक असते. म्हणून २४ परीक्षकांपैकी आठांनी बरोबर ओळखले तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. किमान १३ जणांनी ओळखले तरच, पाच टक्के चुकीची जोखीम पत्करून, दोन पेयांत जाणवण्याजोगा फरक आहे असे म्हणता येते. कोणत्या जागी कोणता पेला ठेवायचा याचे सहा क्रम संभवतात आणि ते सहाही समप्रमाणात वापरले जातात. फरक सिद्ध झाल्यानंतरच त्या फरकाचे वर्णन करण्याची पायरी येते, आणि आवडनिवड विचारण्याची पाळी सर्वांत शेवटी येते, तीही वेगळ्या लोकांकडे, कारण वर्णनासाठी तयार केलेली जीभ सर्वसामान्य ग्राहकाची प्रतिनिधी उरत नाही. आधी फरक, मग वर्णन आणि शेवटी आवड हा क्रम उंची वाइनच्या बाबतीत सहसा नेमका उलटा होतो: बाटलीची किंमत कळताच आवड ठरते, आवडीला साजेसे वर्णन शोधले जाते, आणि फरक खरोखर जाणवला का हे विचारायचे राहून जाते.

शार्दोने हे या शिस्तीच्या कसोटीसाठी जणू घडवलेले द्राक्ष आहे. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या डीएनए संशोधनानुसार पिनो आणि एकेकाळी हलके मानले गेलेले गुए ब्लाँ या दोन वाणांच्या नैसर्गिक संकरातून ते जन्मले, आणि फ्रान्सचा बर्गंडी हा प्रांत त्याचे माहेर आहे. मस्कतसारख्या वाणाला स्वतःचा मोठा दरवळ असतो, तसा शार्दोनेला नसतो. त्यामुळे जमीन, हवामान आणि वाइन बनवणाऱ्याचा हात यांच्या खुणा त्याच्यावर स्पष्ट उमटतात. त्यांतील पहिली आणि निर्णायक खूण हवामानाची असते. मण्यात पाणी उतरू लागले की द्राक्षातील मॅलिक आम्ल, म्हणजे कच्च्या सफरचंदाला आंबटपणा देणारे आम्ल, श्वसनात खर्च होऊ लागते, आणि हवा जितकी उष्ण तितका हा खर्च वेगाने होतो. बर्गंडीच्या उत्तर टोकावरील शाब्लीसारख्या थंड प्रदेशात साखर सावकाश चढते आणि आम्ल टिकून राहते. म्हणून तेथील वाइनमध्ये लिंबाची साल, हिरवे सफरचंद आणि पपनस यांची आठवण देणारी धार असते, तर उष्ण प्रदेशातील शार्दोने अननस, पिकलेला आंबा आणि केळ्याकडे झुकते.

दुसरी खूण जिवाणूंची असते. मद्यार्काचे किण्वन संपल्यावर ओएनोकॉकस ओएनाय हा जिवाणू तीक्ष्ण मॅलिक आम्लाचे सौम्य लॅक्टिक आम्लात, म्हणजे ताकाला आंबटपणा देणाऱ्या आम्लात, रूपांतर करतो आणि त्या ओघात सायट्रिक आम्लापासून डायअसिटिल नावाचे संयुग तयार होते, ज्याचा वास विरजण लावलेल्या सायीच्या ताज्या लोण्यासारखा येतो. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हा लोण्याचा वास शार्दोनेमध्ये लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम एवढ्या अल्प प्रमाणातही ओळखता आला, तर काबर्ने सोव्हिन्यों या तांबड्या वाइनमध्ये तो ओळखू येण्यास २.८ मिलिग्रॅम लागले. ज्या द्राक्षाला स्वतःचा गलबला कमी, त्यात दुसऱ्याची कुजबुजही ऐकू येते. तिसरी खूण ओकच्या पिंपांची असते, ज्यांच्या भाजलेल्या लाकडातून व्हॅनिलाचा आणि ओल्या खोबऱ्याचा गंध वाइनमध्ये उतरतो. उंची शार्दोनेची उंची या तीन खुणांच्या तोलात मोजायची असते: लोणी आणि लाकूड यांच्या मागे आम्लाचा कणा ताठ उभा आहे का, आणि घोट गिळल्यानंतर चव किती वेळ रेंगाळते.

हे तपासण्यासाठी लागणारी सामग्री फार नाही. वाइनच्या आस्वादासाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकातील पेला २१५ मिलिलिटरचा, वर तोंडाशी निमुळता असतो आणि त्यात ५० मिलिलिटरच वाइन ओतली जाते, जेणेकरून गंधाला साचायला जागा राहावी. तापमान दहा ते तेरा अंश सेल्सिअस असावे; शीतकपाटातून काढल्याबरोबर प्यायलेली शार्दोने गंध लपवते, आणि म्हैसूर किंवा पुण्याच्या उन्हाळ्यातील खोलीच्या तापमानाला आलेली शार्दोने मद्यार्काच्या वाफेने नाक भरते. प्रथम पेला न हलवता वास घ्यावा, मग फिरवून घ्यावा, लहान घोट जिभेवर पसरवावा आणि जिभेच्या दोन्ही कडांना किती पाणी सुटते याकडे लक्ष द्यावे. पोलादी टाकीत मुरलेली आणि पिंपात मुरलेली अशा दोन शार्दोने आणून एखाद्या मित्राकडून तीन पेले भरून घ्यावेत; जोवर वेगळा पेला डोळे मिटून सापडत नाही, तोवर लोणी आणि लाकूड यांविषयी बोलण्याचा अधिकार मिळालेला नाही असे समजावे.

मात्र या मार्गात अडचणी आहेत, आणि त्यांतील पहिली स्वतः उपकरणाची आहे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या बोर्दो येथील प्रयोगात वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन गंधहीन लाल रंग मिसळून दिली गेली, तेव्हा त्यांनी तिच्या वासासाठी तांबड्या वाइनचीच विशेषणे वापरली. रॉबर्ट हॉजसन यांनी कॅलिफोर्नियातील एका नामांकित स्पर्धेचा अभ्यास २००८ साली मांडला. तेथे परीक्षकांना एकाच बाटलीतील वाइन त्यांच्या नकळत तीनदा दिली गेली होती, आणि तिन्ही वेळा तिला एकाच पदकाच्या कक्षेत ठेवू शकणारे परीक्षक जेमतेम दहा टक्के निघाले. अनुभवी जीभसुद्धा थकते, आधीच्या घोटाने बहकते आणि शेजाऱ्याच्या चेहऱ्यावरून प्रभावित होते. म्हणूनच आडभिंती, लाल दिवा आणि तीन आकडी क्रमांक यांची गरज नवख्यापेक्षा जाणकाराला अधिक असते.

दुसरी अडचण शब्दांची आहे. वर्णनाच्या पायरीवर प्रशिक्षित पथकाला प्रत्येक शब्दासाठी प्रत्यक्ष हुंगता येईल असा नमुना ठरवून द्यावा लागतो, आणि कॅलिफोर्निया विद्यापीठातील ॲन नोबल यांनी १९८० च्या दशकात तयार केलेले वाइनगंधांचे चक्र याच हेतूने रचलेले होते. परंतु त्या चक्रातील ब्लॅकबेरी किंवा थंड देशांतील फुले मराठी घरात कोणी हुंगलेली नसतात, आणि न हुंगलेल्या वस्तूचे नाव घेऊन केलेले वर्णन ही केवळ घोकंपट्टी ठरते. वास्तविक गंधाच्या बाबतीत मराठी दरिद्री नाही: खमंग, खरपूस आणि करपट या तीन शब्दांनी ती भाजण्याच्या तीन पायऱ्या वेगळ्या करते, आणि तुपट, मातकट, धुरकट, खवट, कुबट, आंबूस हे शब्द कोणत्याही प्रयोगशाळेत उपयोगी पडावेत इतके नेमके आहेत. बुचाच्या दोषाने बिघडलेली वाइन ओळखायला ‘कुबट’ एवढा एकच शब्द पुरतो; पिंपाच्या भाजणीला ‘खरपूस’ म्हटले तर ती प्रशंसा ठरते आणि ‘करपट’ म्हटले तर दोष. हे शब्द स्वयंपाकघरातच राहिले आहेत आणि वाइनच्या मेजापर्यंत येण्याचे त्यांना कोणी आमंत्रण दिलेले नाही, ही हळहळ वाटण्यासारखी गोष्ट आहे.

तिसरी अडचण सर्वांत गंभीर आहे, कारण ती हवामानाची आहे. महाराष्ट्रात शार्दोनेची लागवड नारायणगावच्या इंडाज या वाइन कंपनीपासून अकलूज परिसरातील फ्रातेल्ली या कंपनीपर्यंत झालेली आहे, आणि द्राक्षांवरील संशोधनासाठी १९९७ पासून पुण्याजवळ मांजरी येथे राष्ट्रीय केंद्र आहे. तरी वीस अंश अक्षांशाच्या आसपासचा हा प्रदेश कोणत्याही अर्थाने थंड नाही. येथील शेतकऱ्याने त्यावर काढलेली वाट मात्र आदरास पात्र आहे: एप्रिलमध्ये खरड छाटणी करून काडी तयार करायची आणि पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरच्या सुमारास, फळछाटणी करून घड हिवाळ्यात पोसायचा, म्हणजे जो थंड प्रदेश मिळत नाही त्याच्या जागी थंड ऋतू वापरायचा. पण ही उसनी थंडी अपुरी पडते, कारण मणी पिकण्याच्या अखेरच्या टप्प्यात, जेव्हा शाब्लीत शरद ऋतू उतरत असतो, तेव्हा येथे फेब्रुवारी-मार्चचे ऊन चढू लागते आणि आम्ल झपाट्याने घटते. पहाटे किंवा रात्री तोडणी करणे, साखरेच्या हव्यासापायी वाट न पाहता घड लवकर उतरवणे आणि आम्ल कमी पडल्यास टार्टारिक आम्ल घालणे, हे त्यावरचे उपाय आहेत. शिवाय छाटणीनंतर अवेळी पाऊस आला तर केवडा आणि पुढे भुरी या रोगांशी झुंज असतेच. एवढे करून भरलेली बाटली उन्हात तापलेल्या मालमोटारीत किंवा दुकानाच्या काचेमागे काही आठवडे राहिली तर हे सारे श्रम पाण्यात जातात.

खुद्द थंड प्रदेशही आता पूर्वीसारखे थंड उरलेले नाहीत. बर्गंडीतील बोन या गावी द्राक्षतोडणीच्या तारखांची १३५४ पासूनची नोंद संशोधकांनी जुळवून २०१९ साली प्रसिद्ध केली, आणि तिच्यानुसार १९८८ नंतरची तोडणी त्याआधीच्या शतकांच्या सरासरीपेक्षा तेरा दिवस आधी होऊ लागली आहे. तेरा दिवसांचा हा फरक पेल्यात उतरतो तेव्हा लिंबाकडून अननसाकडे सरकलेल्या गंधाच्या आणि मऊ पडलेल्या आम्लाच्या रूपाने उतरतो, आणि तो इतका सावकाश उतरतो की दरवर्षी तेच पेय पिणाऱ्यालाही तो कळू नये. अशा काळात उंची शार्दोनेचा आस्वाद घेणे हे चैनीपलीकडचे काम ठरते, कारण जी चव हळूहळू निसटत आहे तिची साक्ष तिला नेमकी ओळखणारी जीभच देऊ शकते. जुन्या थंड वर्षातील शार्दोनेचे दोन पेले आणि अलीकडच्या उष्ण वर्षातील एक पेला शेजारी ठेवले असता तो तिसरा पेला ज्याला ओळखता येईल, त्याने तीनशे शब्दांचे अलंकारिक वर्णन लिहिणाऱ्यापेक्षा त्या द्राक्षाची अधिक कदर केली असे म्हणावे लागेल.