एक खातं, चार फोन
(लेखांक ७)

गेल्या दिवाळीत आम्ही सगळे खर्ड्याला जमलो होतो. आबांना किल्ला बघायचा होता. खरं तर किल्ल्यापाशी उभारलेला ७४ मीटर उंचीचा भगवा ध्वज. १७९५च्या लढाईत निजाम ह्याच किल्ल्याच्या आसऱ्याला आला, हे त्यांनी दरवाजात उभं राहून नातवंडांना हातवारे करून सांगितलं. वहिनींनी तेवढ्यात तीसेक फोटो काढले. एकात वाऱ्याने उडू पाहणारी टोपी आबांनी दोन्ही हातांनी धरली आहे.

पंधरा दिवसांनी पुण्यात वहिनींनी फोन उघडला, तर ते फोटो गायब. माझ्याकडेही नाहीत. खर्ड्याला दादांना विचारलं.

"अगं, फोन फुल्ल झाला होता. म्हणलं तुमच्यात हायेतच, माझ्यातले काढून टाकावेत."

दादांना काय बोलणार? घोळ आधीच झाला होता. पुतण्याने सोय म्हणून घरातल्या चारही फोनना एकच जीमेल खातं जोडून दिलं होतं. त्यामुळे आडतीवरची उडदाची पट्टी वहिनींच्या फोटोंत दिसायची आणि वहिनींच्या भिशीचे फोटो दादांना. आम्ही हसायचो. पण चार फोनवर दिसणारा फोटो खात्यात एकदाच साठवलेला असतो, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. सिंक चालू असलं की एकाने खोडलेलं सगळीकडून खोडलं जातं. गूगल फोटोजमध्ये फक्त आपल्या फोनमधली जागा मोकळी करायची सोय वेगळी आहे. ती बॅकअप झालेल्या फोटोंची फोनमधली प्रत तेवढी काढते, खात्यातली राहते. दादांनी दाबलं ते कचरापेटीचं चिन्ह.

नशीब, बॅकअप झालेले फोटो तिथल्या कचरापेटीत ६० दिवस राहतात. पुतण्याने दोन मिनिटांत परत आणले.

मग खाती वेगळी केली. प्रत्येकाचं आपलं, आणि घरासाठी एक सामाईक अल्बम. अल्बमातही एक मेख आहे: फोटो ज्याचा, त्याने तो आपल्या खात्यातून उडवला की अल्बमातूनही जातो. ज्यांनी तो आपल्या खात्यात सेव्ह केला, त्यांच्याकडे मात्र राहतो, आणि त्यांच्या जागेत मोजला जातो. मोफत जागा १५ जीबी, तीही ईमेल आणि ड्राइव्हसकट. म्हणून सगळ्यांचं सगळं साठवायचं नाही. आबांचे तीस फोटो साठवायचे, लग्नाच्या पंगतीचे तीनशे नाही.

आयफोनवाल्यांचं गणित निराळं. तिथल्या सामाईक लायब्ररीत सुरू करणारा धरून जास्तीत जास्त सहा जण, आणि जागा जाते ती त्या सुरू करणाऱ्याची. कुणीही फोटो खोडू शकतो. परत आणायचा हक्क मात्र ज्याने टाकला त्याचाच. भावाभावांत वाद लावायला एवढं पुरे.

राहिलं व्हॉट्सॲप. खर्ड्यात काय नि पुण्यात काय, फोटो फिरतात ते तिथूनच. पण नेहमीसारखा पाठवलेला फोटो तिथे दाबून लहान होतो आणि कधी, कुठे काढला ही आतली नोंदही गळते. म्हणून बारा वर्षांपूर्वीचं बारसं फोनमध्ये कालच्या तारखेला येऊन बसतं. जपायचा फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. थोडा वेळ लागतो, पण मूळ फाइल जशीच्या तशी जाते.

एवढं करून मी ते तीस फोटो एका हार्ड डिस्कवर उतरवले आणि डिस्क कपाटात टाकली. ती कुठल्याच खात्याला जोडलेली नाही, त्यामुळे कुणी काहीही खोडलं तरी तिला पत्ता लागत नाही. दादांना सांगितलं, तर ते म्हणाले, "मग आता बिनधास्त काढू ना?"

पुढच्या आठवड्यात: ट्रंकेतले जुने छापील फोटो मोबाइलवर उतरवताना.