न येणाऱ्या वाचकांची मोजदाद

नगरपालिकेचं नाव काढलं की आपल्या डोळ्यांसमोर नळ येतो, गटार येतं, कचऱ्याची गाडी येते. वाचनालय, बाग, नाट्यगृह, प्रौढांचे वर्ग हीसुद्धा तिची कामं आहेत हे आपण विसरतो, आणि आपण विसरलो की पालिकाही सुखानं विसरते. रस्त्यातला खड्डा दिसतो, मोजता येतो. वाचनालय सुधारलं की नाही हे कशानं मोजायचं? इंग्लंडमध्ये काही वर्षं हा प्रश्न सरकारी पातळीवर फार गंभीरपणे घेतला गेला. त्याची, आणि लंडनमधल्या एका गरीब भागाच्या पालिकेची हकीकत आज सांगायची आहे.

१९९९ साली ब्रिटिश संसदेनं स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी एक कायदा केला. ‘बेस्ट व्हॅल्यू’, म्हणजे करदात्याच्या पैशाचा पुरेपूर मोबदला, हे त्यातलं सूत्र. पालिकेनं आपल्या सेवांकडे चार बाजूंनी पाहायचं होतं. ही सेवा आपण मुळात का देतो? इतर पालिकांच्या तुलनेत कुठे आहोत? लोकांना काय वाटतं? आणि हेच काम दुसरं कोणी अधिक चांगलं करील का? मग लेखापरीक्षण आयोगाचे निरीक्षक येत. सेवा आज किती चांगली आहे, याबद्दल ते शून्य ते तीन तारे देत. त्याशिवाय आणखी एक निवाडा ते देत: ही सेवा पुढे सुधारेल, असं दिसतं का? मला हा दुसरा प्रश्न जास्त मोलाचा वाटतो. आपल्याकडचा तपासनीस दप्तर पाहतो, म्हणजे होऊन गेलेलं पाहतो. पुढच्या वर्षाबद्दल त्याला कोणी विचारत नाही.

२००२ पासून तर सबंध पालिकेलाच शेरा मिळू लागला: उत्कृष्ट, चांगली, बरी, कमकुवत, वाईट. त्या गुणपत्रिकेत शिक्षणाला वजन मोठं, ग्रंथालयं आणि करमणुकीच्या सोयींना लहान. पण लहान का होईना, रकाना होता. शेऱ्यासाठी कागद रंगवण्याची विद्या तिथेही रुजली, ती काही आपलीच मक्तेदारी नव्हे. २०१० मध्ये सरकार बदललं, ही तपासणी थांबली आणि २०१५ मध्ये आयोगच गुंडाळला गेला.

आता पूर्व लंडनकडे वळू. टॉवर हॅम्लेट्स हा तिथला गोदीकामगारांचा, शिंप्यांचा, परदेशातून आलेल्यांचा भाग. ब्रिक लेन नावाच्या रस्त्यावरची एक इमारत पाहिली की त्याचा इतिहास कळतो. १७४३ साली फ्रान्समधून आलेल्या प्रॉटेस्टंटांनी ती प्रार्थनेसाठी बांधली. पुढे ती मेथडिस्टांकडे गेली, १८९८ मध्ये ज्यूंचं सिनेगॉग झाली आणि १९७६ पासून ती मशीद आहे. माणसं आली, स्थिरावली, पुढे गेली. भिंती त्याच राहिल्या. अलीकडच्या जनगणनांत इथला साधारण प्रत्येक तिसरा माणूस बांगलादेशी मुळाचा आहे, आणि त्यांतले बहुतेक सिल्हेट भागातले.

१९९० च्या दशकाअखेर या पालिकेकडे डझनभर जुनी ग्रंथालयं होती. नियमित येणारे मात्र रहिवाशांत पाचांतला एकही नव्हता, आणि देशाच्या सरासरीपुढे हा आकडा लाजिरवाणा होता. अशा वेळी पालिका काय करते? एक तर रंगरंगोटी करते, नाहीतर लोक वाचतच नाहीत असं म्हणून कुलूप लावते. या पालिकेनं जे येत नाहीत त्यांना गाठून विचारलं. लोकांना वाचनालय नको होतं असं नाही. ते बाजाराच्या वाटेवर हवं होतं, रविवारी उघडं हवं होतं, तिथे संगणक आणि नवी पुस्तकं हवी होती. इंग्रजी शिकायचं तर दुसरीकडे, पुस्तक घ्यायचं तर तिसरीकडे, ही पायपीट त्यांना परवडत नव्हती.

त्यातून १९९९ मध्ये योजना ठरली: ग्रंथालय आणि प्रौढशिक्षण केंद्र एका छपराखाली आणायचं, आणि ते भर बाजारात. नावही बदललं, ‘आयडिया स्टोअर’. हे नाव मला आजही खटकतं, एखाद्या मोबाइलच्या दुकानासारखं वाटतं. पण ज्या बाईला ‘लायब्ररी’ या शब्दाचीच धास्ती वाटते ती दुकानात बिनदिक्कत शिरते, हा त्यांचा हिशेब चुकला नाही. पहिलं केंद्र २००२ मध्ये बो इथे उघडलं, दुसरं २००४ मध्ये क्रिस्प स्ट्रीटच्या मंडईजवळ, आणि २००५ मध्ये व्हाइटचॅपलच्या रस्त्यावर मोठं, पाच मजली. डेव्हिड अजाये या वास्तुविशारदानं त्याच्या काचांना निळ्या-हिरव्या पट्ट्यांचे रंग दिले, समोर फुटपाथवर लागणाऱ्या भाजी-कपड्यांच्या स्टॉलवरच्या ताडपत्र्यांसारखे. आत इंग्रजीचे, संगणकाचे, अगदी नृत्याचेही वर्ग. फळीवर बंगाली पुस्तकं. सर्वांत वर चहाकॉफीची जागा. आठवड्याचे सातही दिवस उघडं. पूर्वीपेक्षा कितीतरी पटींनी माणसं येऊ लागली. सात केंद्रांचा बेत होता, २०१३ पर्यंत पाच झाली.

या यशाची एक किंमत होती, आणि ती कुठल्याही ताऱ्यांत धरलेली नाही. व्हाइटचॅपलचं जुनं ग्रंथालय २००५ मध्येच बंद झालं. १८९२ मध्ये उघडलेल्या त्या वास्तूला ‘वस्तीचं विद्यापीठ’ म्हणत. पोलंड-रशियाकडून आलेल्या गरीब ज्यूंची मुलं, घरात एका खोलीत आठजण म्हणून, तिथल्या उबेला आणि उजेडाला येऊन बसत. शास्त्रज्ञ जेकब ब्रोनोव्स्की पोरवयात लंडनला आला तेव्हा त्याला इंग्रजी जेमतेम येत होतं. तिथल्या पुस्तकांवर तो ती भाषा शिकला. पहिल्या महायुद्धात १९१८ साली मारला गेलेला कवी आयझॅक रोझेनबर्ग तिथलाच वाचक. घरात एक भाषा आणि कागदावर दुसरी, ही त्या मुलांची अवस्था घरात दखनी बोलून मराठीत लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला कोणी समजावून सांगायला नको. एका संध्याकाळी किती माणसं दारातून आत गेली हे यंत्र मोजतं. त्यांतला एक रोझेनबर्ग होता, हे पंचवीस वर्षांनी कळतं. जुनी वास्तू पडली नाही हे बरं झालं. २००९ पासून ती शेजारच्या कलादालनाचा भाग आहे. तरीही नव्या इमारतीत सिल्हेटी आया इंग्रजी शिकत असतील, तर त्या जुन्या वास्तूचं काम तिथे चालू आहे असं मी मानतो.

हे टिकलं कशामुळे? कायद्यामुळे. ब्रिटनमध्ये १८५० चा ग्रंथालय कायदा पालिकांना नुसती मुभा देत होता. इंग्लंड-वेल्ससाठी १९६४ च्या कायद्यानं ते कर्तव्य केलं. नाट्यगृह किंवा पोहण्याचा तलाव पालिकेनं चालवलाच पाहिजे असं नाही. ग्रंथालय मात्र चालवलंच पाहिजे. २०१० नंतरच्या काटकसरीत ब्रिटनमध्ये शेकडो ग्रंथालयं बंद पडली, तेव्हा भांडणाऱ्या नागरिकांच्या हातात निदान हे एक कलम होतं.

आपल्याकडे १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनं पालिकांकडे सोपवायच्या अठरा विषयांची यादी दिली. बागा, क्रीडांगणं, सांस्कृतिक आणि शैक्षणिक कामं तिच्यात आहेत. पण महाराष्ट्राचा १९६५ चा नगरपरिषद कायदा कामांचे दोन भाग करतो, बंधनकारक आणि ऐच्छिक. वाचनालय ऐच्छिकात. १९६७ च्या आपल्या ग्रंथालय कायद्यात तमिळनाडू-कर्नाटकासारखा ग्रंथालय-करही नाही. बहुतेक वाचनालयं संस्था चालवतात, सरकार अनुदान देतं, आणि अ, ब, क, ड हा वर्ग ठरवताना पुस्तकं किती, नियतकालिकं किती, उघडं किती तास, असं पाहिलं जातं. कोण येत नाही, हा रकाना त्यात नाही.

आमच्या गावच्या वाचनालयाच्या दारावर वेळेची पाटी आहे: सकाळी आठ ते अकरा, संध्याकाळी पाच ते आठ. आमच्या मोहल्ल्यात, आणि शेजारच्या पेठेतही, बायकांना सवड मिळते ती दुपारी दोन ते चार.